सुपरवायझरने पार्सल उचललं तर ग्रीव्हन्स कशी टाकायची?

आपल्याकडे साहेब बाह्या सरसावून कामाला लागला की त्याचं कौतुक होतं. 'बघा, किती साधा माणूस, खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडत नाही.' त्यामुळे अमेरिकेत यूपीएस या पार्सल कंपनीच्या हबमध्ये, म्हणजे पार्सलं निवडून गाड्यांत भरायच्या केंद्रात, नव्याने लागलेला मराठी माणूस पहिल्या काही आठवड्यांत हमखास गोंधळतो. बेल्टवर पार्सलं तुंबलेली असतात, सुपरवायझर मदतीला धावलेला असतो, आणि शेजारचा जुना कामगार आभार मानायचे सोडून खिशातून छोटी वही काढून घड्याळात बघत असतो.

तो वेळ टिपून घेत असतो. सुपरवायझरने उचललेलं पार्सल हे तासावर पगार घेणाऱ्या कुणाचं तरी काम असतं, आणि युनियनच्या करारानुसार सुपरवायझरने त्याला हात लावायचा नसतो. लावला तर कंपनीला त्याची किंमत मोजावी लागते, मात्र कुणीतरी ग्रीव्हन्स, म्हणजे करार मोडल्याची लेखी तक्रार, टाकली तरच. आपोआप काही मिळत नाही.

हे कुणाला लागू आहे

हा लेख मुख्यतः यूपीएसमध्ये काम करणाऱ्या, टीमस्टर्स या युनियनच्या सभासदांसाठी आहे. सध्याचा राष्ट्रीय करार १ ऑगस्ट २०२३ पासून ३१ जुलै २०२८ पर्यंतचा आहे आणि तो झाला तेव्हा सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांना लागू होता. ग्रीन कार्डवर आलेली, एच-४ व्हिसावर कामाचा परवाना मिळालेली आपली बरीच माणसं पहाटेची किंवा संध्याकाळची पार्ट-टाइम शिफ्ट धरतात. पार्ट-टाइम असूनही आरोग्यविमा मिळतो, हे त्यामागचं मोठं कारण. पण कराराचं पुस्तक उघडून बघणारे त्यांच्यात फार थोडे.

अमेरिकी टपाल खात्यातही असंच कलम आहे. तिथल्या करारातल्या कलम १, विभाग ६ नुसार युनियनचे १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या टपाल कार्यालयात सुपरवायझरला कामगारांचं काम करता येत नाही. आणीबाणी, प्रशिक्षण, यंत्र नीट चालतंय का हे पाहणं, कामगारांची सुरक्षितता आणि खात्याच्या मालमत्तेचं रक्षण एवढेच अपवाद. छोट्या कार्यालयांत सवलत जास्त आहे. टपाल खात्यात तक्रारीची मुदत १४ दिवसांची असते. खाली लिहिलेलं बरंचसं तिथेही चालेल, फक्त कलमांचे आकडे बदलतील.

फेडेक्सच्या हबमध्ये पार्सलं चढवत असाल तर मात्र हे तुमच्या कामाचं नाही. तिथे पायलटांची युनियन आहे, हबमधल्या कामगारांची नाही. सुपरवायझरने काम करणं हा अमेरिकेत कायद्याने गुन्हा नाही, ते फक्त कराराचं उल्लंघन आहे. करार नसेल तर ग्रीव्हन्स कशावर टाकणार?

कलम काय म्हणतं

राष्ट्रीय करारातलं कलम ३, विभाग ७. हबमध्ये सगळे याला 'सुपरवायझर्स वर्किंग' म्हणतात. त्याचा गाभा असा: सुपरवायझरचं काम देखरेख करण्याचं, देखरेखीखालच्या माणसांचं काम करण्याचं नाही. अपवाद मुख्यतः दोन, कामगाराला शिकवणं आणि सुरक्षित पद्धत करून दाखवणं. तुमच्या भागाच्या पुरवणी करारात, म्हणजे सप्लिमेंटमध्ये, आणखी एखादा अपवाद असू शकतो, म्हणून तीही वाचा.

त्याच विभागात आणखी तीन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. एक, पुरेशी माणसं ठेवण्याचा कंपनीने प्रामाणिक प्रयत्न करायचा आहे. त्यामुळे 'आज माणसं कमी आली' हे कारण म्हणून पुरत नाही. दोन, शिफ्ट सुरू होण्याआधी जागा तयार करून ठेवण्याचं कामही सुपरवायझरने करायचं नाही. तीन, एखाद्या कामगाराला घरी पाठवून त्याचं काम सुपरवायझरने उरकायचं नाही. हे तिसरं सर्वात जास्त घडतं आणि सिद्ध करायलाही सर्वात सोपं असतं, कारण घरी गेलेल्या माणसाची वेळ कंपनीच्याच नोंदीत असते.

जादा हात लागले तर सुपरवायझरने आधी युनियनच्या माणसांना विचारायचं: कुणी डबल शिफ्ट करेल का, लवकर येईल का, ओव्हरटाइमसाठी थांबेल का. हे सगळे मार्ग संपल्यावर पुढचं बोलायचं.

मग कंपनी असं का करते? हिशेब सरळ आहे. पार्ट-टाइम सुपरवायझर युनियनबाहेरचा. तो तिथे उभाच आहे. त्याने अर्धा तास ट्रक भरला तर कुणाला थांबवून ओव्हरटाइम द्यावा लागत नाही. पिंपरी-चिंचवड किंवा एखाद्या एमआयडीसीत काम केलेल्यांना याची उलटी बाजू माहीत असेल: तिथे कामगारालाच 'सुपरवायझर' असं नाव देऊन कामगार कायद्याच्या बाहेर काढायची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने सुपरवायझरला कामगारांच्या संरक्षणातून वगळलं, त्यामुळे तो कुंपणाच्या पलीकडे आणि काम अलीकडे, अशी रेषा इथे कागदावर स्पष्ट आहे.

आणि हो, तो पार्ट-टाइम सुपरवायझर बहुतेकदा विशीतला कॉलेजचा पोरगा असतो. वरून मॅनेजर त्याच्या मानेवर बसलेला असतो. ग्रीव्हन्सवर नाव त्याचं येतं, पण भांडण त्याच्याशी नसतं. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचं सगळं शांतपणे करता येतं.

नेमकं कशाला 'काम' म्हणायचं

पार्सलं चढवणं, उतरवणं, बेल्टवर निवडणं, स्कॅन करणं, अडकलेला ढीग मोकळा करणं, राहून गेलेलं पार्सल स्वतःच्या गाडीतून ड्रायव्हरला नेऊन देणं, हे सगळं युनियनचं काम. यादी हातात घेऊन फिरणं, माणसं कुठे लावायची ते ठरवणं, सूचना देणं हे सुपरवायझरचं.

वाद होतो तो 'ट्रेनिंग'वर. विचारलं की उत्तर तयार असतं: मी नव्या मुलाला दाखवत होतो. तेव्हा तीन गोष्टी बघा. नवा मुलगा खरंच तिथे होता का? तो बघत होता, की शेजारचा दुसरा ट्रक भरत होता? आणि 'दाखवणं' किती वेळ चाललं? दोन-चार पार्सलं रचून दाखवणं हे ट्रेनिंग. दोघांनी मिळून अख्खी गाडी भरणं म्हणजे दोन माणसांचं काम एका माणसाच्या पगारात. सहा महिने जुन्या कामगाराला रोज 'ट्रेन' करत असेल तर नोंद करताना त्याची रुजू होण्याची तारीखही लिहा.

पायात आलेलं एखादं पार्सल सुपरवायझरने बाजूला सरकवलं, यावर ग्रीव्हन्स टाकता येईल का? शब्दशः बघितलं तर येईल. पण माझं मत विचाराल तर टाकू नका. स्टुअर्डला, म्हणजे कामाच्या जागी युनियनचा प्रतिनिधी असलेल्या कामगाराला, रोज अशा चार चिठ्ठ्या दिल्या की पाचवी, खरी चिठ्ठीही त्याच गठ्ठ्यात जाते.

त्या क्षणी काय करायचं

आपलं काम थांबवायचं नाही. आधी काम, मग तक्रार, हा इथला नियम. आपली जागा सोडून सुपरवायझरच्या मागे धावलात, ओरडलात, किंवा 'हा थांबेपर्यंत मी उचलणार नाही' म्हणालात, तर विषय फिरतो आणि उल्लंघन तुमच्या नावावर लागतं. अपवाद एकच, खऱ्याखुऱ्या धोक्याचा.

बोलायचं तर एकच वाक्य, साध्या आवाजात: 'तुम्ही युनियनचं काम करताय, मी ते करायला तयार आहे.' दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. 'कुणी उपलब्ध नव्हतं' हा पुढे येणारा बचाव तिथेच संपतो. तुमच्या हबमध्ये जादा कामासाठी किंवा डबल शिफ्टसाठी नावांची यादी असेल तर त्यावर आपलं नाव आधीच घालून ठेवा. कागदावर 'उपलब्ध' असलेला माणूस नाकारणं कंपनीला जड जातं.

स्टुअर्ड जवळपास असेल तर खूण करून बोलवा. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर अर्धं काम झालं.

वही

सगळा खेळ या वहीवर आहे. खिशात मावेल अशी घ्या, पेन बांधून ठेवा. 'मंगळवारी बराच वेळ सुपरवायझर काम करत होता' ही नोंद नव्हे, ही कुरकुर. नोंद अशी दिसते (प्रीलोड म्हणजे पहाटे डिलिव्हरीच्या गाड्या भरायची शिफ्ट, पॅकेज कार म्हणजे त्या गाड्या):

*१२ नोव्हेंबर. प्रीलोड, तिसरा बेल्ट, दोन शेजारच्या पॅकेज कार, नंबर अमुक आणि तमुक. सुपरवायझर अमुक. सुरुवात ५.१०, शेवट ५.५०. भरणं आणि रचणं, स्कॅनर हातात. ट्रेनिंग नाही. ५.०० वाजता बेल्टवरच्या एकाला घरी पाठवलं, त्याचं नाव अमुक. मी ५.१५ ला म्हणालो की मी करतो. उत्तर: 'राहू दे, पाच मिनिटांचं आहे.' बघणारे: दोन नावं.*

घड्याळ एकच वापरा, शक्यतो बिल्डिंगमधलं, म्हणजे वेळेवर वाद होत नाही. मध्ये सुपरवायझर दहा मिनिटं दुसरीकडे गेला असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. ४० मिनिटांचे ३० झाले तरी चालतील, पण एक खोटी नोंद पकडली गेली तर सगळी वही बाद.

फोनवर व्हिडिओ काढायचा मोह होतो. बहुतेक बिल्डिंगमध्ये कामाच्या जागी फोनला मनाई असते, आणि कॅलिफोर्निया किंवा पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यांत खाजगी संभाषण समोरच्याच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रित करणं कायद्यात बसत नाही. तीस डॉलरच्या तक्रारीसाठी नोकरी घालवू नका. पुरावा कंपनीकडेच असतो: कोणत्या लॉगिनवरून किती स्कॅन झाले, कुणाला किती वाजता घरी पाठवलं, त्या दिवशी किती माणसं लावली होती, कॅमेऱ्यात काय आहे. हे सगळं युनियन लेखी मागू शकते आणि तक्रार तपासण्यासाठी लागणारी माहिती कंपनीने देणं कायद्याने बंधनकारक आहे. स्टुअर्डला ही मागणी लगेच पाठवायला सांगा, कॅमेऱ्याचं चित्रण कायम राहत नाही.

फॉर्म भरताना

फॉर्म स्टुअर्डकडे किंवा युनियनच्या 'लोकल'च्या, म्हणजे स्थानिक शाखेच्या, कार्यालयात मिळतो. मुदत तुमच्या सप्लिमेंटवर अवलंबून असते आणि ती छोटी असते, कामाच्या मोजक्या दिवसांची. दोन दिवसांत टाकायची सवय ठेवा, म्हणजे मुदत शोधत बसावं लागत नाही.

फॉर्म इंग्रजीत भरायचा. इंग्रजी कच्चं असलं तरी बिचकू नका, कारण इथे छोटी वाक्यंच चांगली. कोण, कधी, कुठे, काय, किती वेळ. सुपरवायझर कसा माणूस आहे, पूर्वी काय म्हणाला होता, तुम्हाला किती वाईट वाटलं, यातलं काहीही नको. आपल्याला अर्ज लिहिताना 'महोदय, सविनय सादर' पासून सुरुवात करून हेतू पानाच्या तळाशी नेऊन ठेवायची सवय असते, ती इथे सोडा.

उल्लंघन कशाचं, या रकान्यात 'कलम ३, विभाग ७' लिहा आणि लगेच पुढे 'आणि लागू होणारी इतर सर्व कलमं'. ही शेपटी विसरू नका. पुढे सुनावणीत लक्षात आलं की सप्लिमेंटमधलं कलम जास्त जोरदार आहे, तर तिच्यामुळे ते वापरता येतं.

मागणीच्या रकान्यात तीन गोष्टी: कराराप्रमाणे दंडासह पैसे, हा प्रकार कंपनीने थांबवावा, आणि माझं झालेलं सर्व नुकसान भरून मिळावं. सही करा, तारीख घाला, जमा करण्याआधी फोटो काढा आणि कुणाला, किती वाजता दिलं ते वहीत लिहा. 'हरवली वाटतं' हे उत्तर अनेक ग्रीव्हन्सेसना मिळतं.

पैसे कुणाला आणि किती

सुपरवायझरने प्रत्यक्ष जितका वेळ काम केलं तितक्या वेळाचे, दुप्पट दराने. २०२३ च्या करारात पार्ट-टाइमरचा सुरुवातीचा दर तासाला २१ डॉलर आहे. तो धरला तर दुप्पट ४२, आणि वरच्या नोंदीतल्या ४० मिनिटांचे २८ डॉलर. तोच सुपरवायझर काही महिन्यांत पुन्हा पुन्हा सापडत राहिला आणि ते सिद्ध झालं, तर दर आणखी वाढतो. म्हणून प्रत्येक वेळी सुपरवायझरचं पूर्ण नाव हवं. 'लाल टोपीवाला' चालत नाही.

पैसे ज्याचं काम गेलं त्याला मिळतात. उदाहरणार्थ, ज्याला घरी पाठवलं तो, किंवा यादीत नाव असलेला सर्वात ज्येष्ठ कामगार. असा माणूस ओळखता आला नाही तर ज्याने ग्रीव्हन्स टाकली त्याला. यावरून कामगारांतच रुसवेफुगवे होतात: वही मी भरली आणि पैसे त्याला! यावर उपाय म्हणजे बेल्टवरच्या माणसांनी आपसात आधीच ठरवून घेणं. सगळ्यांनी एकमेकांसाठी लिहिलं तर वर्षाअखेरीस कुणाचंच गणित बिघडत नाही.

२८ डॉलरसाठी एवढा खटाटोप का, हे विचारणारे भेटतील. एका ग्रीव्हन्सचं उत्तर २८ डॉलर आहे. पण एकाच बेल्टवर तीन महिने रोज अर्धा-पाऊण तास सुपरवायझर भरतोय, हे तारीखवार दिसलं की स्टुअर्डच्या हातात वेगळाच मुद्दा येतो: इथे एक माणूस कमी आहे, तो भरा. नाताळच्या आधीच्या गर्दीत तर हे हमखास दिसतं.

पुढे काय होतं

पहिली पायरी सुपरवायझर किंवा मॅनेजरशी स्टुअर्डसमोर बोलणं. बऱ्याच तक्रारी इथेच पैसे देऊन मिटतात. कंपनी 'हे उदाहरण म्हणून धरायचं नाही' अशा अटीवर मिटवायला बघते. तुम्हाला पैसे मिळतात, पण या अटीवर मिटलेली तक्रार त्या सुपरवायझरच्या खात्यावर मोजली जाईल का, ते स्टुअर्डला आधी विचारा.

नाही मिटलं तर युनियनचा बिझनेस एजंट आणि कंपनीचा लेबर मॅनेजर यांच्यात लोकल पातळीवर सुनावणी. त्यानंतर पॅनेल, ज्यात युनियन आणि कंपनीची माणसं सारख्याच संख्येने बसतात. समसमान मतं पडली तर पुढे लवाद. यात महिने जातात. दरम्यान तुम्ही करायचं काम एकच: दर काही आठवड्यांनी एजंटला छोटा ईमेल, 'माझी अमुक तारखेची ग्रीव्हन्स कुठे आहे?'

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पगाराची स्लिप बघा. रक्कम वेगळ्या ओळीत येते. आली नाही तर तीही तक्रार होते.

सूड घेतला तर

शिफ्ट बदलली, अवघड ट्रकवर टाकलं, अचानक वॉर्निंग लेटर यायला लागली. हे होतं. १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा याविरुद्ध आहे, आणि त्याचं संरक्षण नागरिकत्वावर अवलंबून नाही. करारातल्या हक्कासाठी एकटा कामगार उभा राहिला तरी तो सामूहिक कृतीचाच भाग असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मान्य केलं. तो खटला डेट्रॉइटचा कचरा वाहणाऱ्या ट्रकच्या एका चालकाचा होता, तोही टीमस्टर्सचा सभासद. ब्रेक खराब असलेली गाडी चालवायला त्याने नकार दिला होता. सूडाची तक्रार राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे सहा महिन्यांच्या आत करायची असते. त्यासाठी वही पुन्हा कामाला येते: ग्रीव्हन्सची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख शेजारी-शेजारी.

मॅनेजरने एकट्याला ऑफिसात बोलावून प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि त्यातून शिक्षा होऊ शकते असं वाटलं, तर 'मला माझा स्टुअर्ड हवा आहे' असं म्हणा. १९७५ च्या वाइनगार्टन निकालाने हा हक्क दिला आहे, पण तो मागावा लागतो. कंपनीने आपणहून सांगायची सक्ती नाही. स्टुअर्ड येईपर्यंत नम्रपणे गप्प बसा, आपली बाजू समजावून सांगायचा मोह आवरा.

युनियनच ढिलाई करत असेल तर? स्टुअर्ड मॅनेजरचा मित्र असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आधी एजंटला लेखी, मग लोकलच्या अध्यक्षाला लेखी. युनियनने प्रत्येक तक्रार लवादापर्यंत नेलीच पाहिजे असं नाही, पण मनमानी किंवा भेदभाव करून ती दाबता येत नाही. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियासारख्या राज्यांत युनियनची वर्गणी न भरताही नोकरी करता येते, आणि वर्गणी न भरणाऱ्याची ग्रीव्हन्सही युनियनला चालवावीच लागते. सुनावणीच्या टेबलावर मात्र निम्मी बिल्डिंग सभासद नसलेली युनियन कशी दिसत असेल, याचा विचार करून ती वर्गणी भरायची की नाही ते ठरवा.

राहिला प्रश्न नव्यांचा. प्रोबेशन चालू असताना कंपनी काढून टाकू शकते आणि त्याविरुद्ध ग्रीव्हन्स सहसा चालत नाही. तोवर फॉर्मवर स्वतःची सही नको. वहीत लिहा, नोंद शेजारच्या जुन्या कामगाराला द्या, तो टाकेल. प्रोबेशन संपल्याची तारीख आणि सीनियॉरिटी लिस्टवर आपलं नाव चढलंय का, हे स्टुअर्डकडून खात्री करून घ्या. त्यानंतर फॉर्म स्वतःच्या नावाने.